डोळ्यांची वही : एका वेळी एकच बदल

५ जानेवारी २०२५, नागपूर

आजपासून वही सुरू. दोन वर्षं झाली डोळ्यांच्या कोरडेपणाचं हे चालू आहे आणि या दोन वर्षांत मी काय काय करून बघितलं ते आता मलाच धड सांगता येत नाही, कुठल्या ड्रॉप्सने बरं वाटलं होतं, किती दिवस वाटलं, मग ते बंद का केले, सगळा घोळ. डॉक्टरांनी विचारलं की मी "थोडा फरक होता" एवढंच सांगते. ऑफिसात क्लेमची फाईल जशी तारीखवार लावते तशी आता डोळ्यांची लावायची. नियम एकच, एका वेळी एकच बदल, कमीत कमी तीन आठवडे, आणि जे काही होईल ते त्याच दिवशी लिहायचं.

आजची परिस्थिती लिहून ठेवते. सकाळी डोळे उघडताना वरची पापणी बुबुळाला चिकटलेली असते, झटकन उघडली की कोणीतरी आतून खरवडल्यासारखं होतं, म्हणून मी आधी पाच मिनिटं डोळे मिटूनच पडून राहते. दुपारी तीननंतर स्क्रीनवरची अक्षरं फाटतात, उघडझाप केली की एक सेकंद साफ, परत फाटतात. गाडीवर वारा लागला की डोळ्यांतून घळाघळा पाणी. इतकं पाणी येतं तर डोळे कोरडे कसे, हे घरातल्या प्रत्येकाने विचारून झालंय. आणि उत्तर साधं आहे, पृष्ठभाग कोरडा पडून टोचला की डोळा घाबरून पाणी सोडतो, पण ते पाणी टिकत नाही, गालावर जातं.

आकडा पाहिजे म्हणून ओएसडीआयची, म्हणजे कोरड्या डोळ्यांचा त्रास मोजायची प्रश्नावली भरली. बारा प्रश्न, मागच्या आठवड्याबद्दलचे, प्रत्येकाला ० ते ४, बेरजेला पंचवीसने गुणायचं आणि उत्तरं दिलेल्या प्रश्नांच्या संख्येने भागायचं. १२ पर्यंत नॉर्मल, ३३ च्या पुढे तीव्र. माझी बेरीज २८, म्हणजे ५८.

९ जानेवारी

औषधाचा कप्पा रिकामा केला. सात बाटल्या निघाल्या. तीन वेगवेगळ्या ठिकाणी दाखवलं होतं, प्रत्येकाने आपापली दिली, आधीची बंद करा असं कोणी म्हणलं नाही. भिंग घेऊन बसले आणि मागची बारीक अक्षरं वाचली. चार बाटल्यांत बेन्झाल्कोनियम क्लोराईड, म्हणजे औषध खराब होऊ नये म्हणून घालतात ते प्रिझर्वेटिव्ह. दिवसातून दोनदा टाकायच्या औषधात ते चालून जातं, पण मी कृत्रिम अश्रू म्हणून आठ-आठ, दहा-दहा वेळा टाकत होते, आणि हेच रसायन वारंवार गेलं तर बुबुळाच्या वरच्या पेशींना त्रास देतं आणि अश्रूंचा थर आणखी लवकर फाटतो. एक बाटली तर लाली घालवणारी होती, रक्तवाहिन्या आवळून डोळा पांढरा करते, असर उतरला की लाली परत, बहुतेक आधीपेक्षा जास्त.

हे वाचून मला रडू आलं, खरंच. दोन वर्षं मी जे आराम म्हणून टाकत होते त्यातलंच काही त्रास वाढवत असेल.

बदल १ : सगळ्या बंद. फक्त प्रिझर्वेटिव्ह नसलेले कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोजचे (हेही कृत्रिम अश्रूच) छोटे एकदा-वापराचे वायल. महाग पडतात, पण एवढंच.

२ फेब्रुवारी

आकडा ५४. म्हणजे फार काही नाही, पण ड्रॉप्स टाकल्यावर जी आग व्हायची ती गेली.

या आठवड्यात नवीन डॉक्टरांकडे गेले, कॉर्नियाच्या तज्ज्ञ आहेत. पहिल्यांदा कोणीतरी चाळीस मिनिटं दिली, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी शर्मर टेस्ट. खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवतात, पाच मिनिटं, किती मिलिमीटर ओली झाली ते मोजतात. ही टेस्ट १९०३ सालची आहे आणि अजून तीच चालते. माझं उजवीकडे १४, डावीकडे १२. दहाच्या वर असलं की ठीक. म्हणजे पाणी पुरेसं आहे! मी दोन वर्षं पाणीच ओतत होते.

मग नारंगी रंगाची पट्टी डोळ्याला लावली, निळ्या लाईटमध्ये तो रंग हिरवा चमकतो, आणि उघडझाप न करता बघत राहायचं, अश्रूंच्या थराला पहिलं भोक पडायला किती सेकंद लागतात ते डॉक्टर मोजतात. दहाच्या वर पाहिजे. माझे तीन. त्याच रंगात बुबुळाच्या खालच्या पट्ट्यात बारीक ठिपके दिसले, वर काही नाही, फक्त खाली. फाईलमध्ये तसं लिहिलंय.

मग पापणीच्या कडेवर बोटाने दाबलं आणि मला आरशात दाखवलं. पापण्यांच्या कडेला ओळीने तेलाच्या ग्रंथी असतात, मायबोमियन म्हणतात, हाइनरिख मायबोम नावाच्या जर्मन डॉक्टरने १६६६ मध्ये त्यांचं वर्णन केलं होतं. वरच्या पापणीत पंचवीस ते चाळीस, खालच्या पापणीत वीस ते तीस. दर उघडझापीला त्यातून तेल येतं आणि पाण्याच्या वर पसरतं, म्हणून पाणी उडून जात नाही. दाबल्यावर स्वच्छ तेलाचा थेंब यायला पाहिजे. माझ्या पापणीतून काही ठिकाणी काहीच आलं नाही आणि काही ठिकाणी टूथपेस्टसारखी पांढरी घट्ट वळी आली. डॉक्टर म्हणाल्या, "डिसेंबरात तुपाचा डबा कसा होतो? तसं झालंय."

शेवटी पापणी उलटी करून इन्फ्रारेड फोटो. चांगल्या ग्रंथी कंगव्याच्या दातांसारख्या सलग दिसतात. माझ्या कंगव्याचे बरेच दात पडलेत, खालच्या डाव्या पापणीत जवळजवळ अर्धे. पडलेले परत येत नाहीत, राहिलेले वाचवायचे.

त्यांनी विचारलं, तरुणपणी पिंपल्ससाठी आयसोट्रेटिनॉइन घेतलं होतं का? बावीसाव्या वर्षी सहा महिने घेतलं होतं. कोणी कधी विचारलंच नव्हतं. ते औषध त्वचेतलं तेल कमी करण्यासाठीच देतात, आणि पापणीतल्या ग्रंथी पण तेलाच्याच. माझ्याबाबतीत तेच कारण असं त्या ठामपणे म्हणाल्या नाहीत, पण नोंदवून घेतलं. तोंड कोरडं पडतं का, सांधे दुखतात का हेही विचारलं आणि शोग्रेनसाठी रक्त तपासायला दिलं, त्यात शरीर स्वतःच्याच अश्रू आणि लाळेच्या ग्रंथींवर उलटतं. (रिपोर्ट आला, निगेटिव्ह. तीन रात्री झोप नव्हती.)

९ फेब्रुवारी

बदल २ : शेक. आणि इथे खरा प्रयोग केला.

आधीच्या एका ठिकाणी "गरम पाण्याचा नॅपकिन ठेवा" एवढंच सांगितलं होतं, मी ठेवायचे, काही व्हायचं नाही. या डॉक्टर म्हणाल्या की घट्ट झालेलं तेल वितळायला पापणीवर साधारण ४० ते ४५ डिग्री सलग राहिलं पाहिजे, आठ-दहा मिनिटं. मग म्हणलं मोजून बघू. मुलीने केकसाठी घेतलेला सळईचा थर्मामीटर होता. आईंनी (सासूबाई) त्यांच्या जुन्या मऊ सुती लुगड्याच्या दोन पिशव्या शिवून दिल्या, वीतभर लांब, मधे टीप घालून दोन कप्पे, म्हणजे नाकावरून नीट बसतात. एकीत तांदूळ, एकीत जवस, दोनशे ग्रॅम प्रत्येकी.

नॅपकिन : सुरुवात ५०, दोन मिनिटांनी ४१, चार मिनिटांनी ३६. म्हणजे चौथ्या मिनिटाला मी अंगाच्या तापमानापेक्षा गार कपडा डोळ्यावर ठेवून बसत होते.
तांदूळ : ५१, दोन मिनिटांनी ४६, पाचला ४३, दहाला ३९.
जवस : ४९, दोन मिनिटांनी ४७, पाचला ४५, दहाला ४२.

जवस जिंकली. दाणे गुळगुळीत असल्यामुळे ती डोळ्याच्या खाचेत वाळूसारखी बसते पण, तांदूळ टोकदार लागतात. मायक्रोवेव्हमध्ये तीस सेकंद, मग पिशवी हलवून घ्यायची कारण मधेच एखादी जागा जास्त तापते, आणि आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायची. मनगटाला सोसवत नसेल तर पापणीला अजिबात नाही. डोळ्यावर दाब पण द्यायचा नाही, पिशवीचं वजन तेवढंच. शेकानंतर लगेच, तेल मऊ आहे तोवर, स्वच्छ बोटाने वरची पापणी वरून खाली आणि खालची खालून वर, कडेकडे हलकं निपटत आणायची. दिवसातून दोनदा.

आई रोज सकाळी विचारतात, "जवस तापवू का गं?" या दोन वर्षांत पहिल्यांदा घरात कोणाला तरी माझ्या डोळ्यांसाठी करता येईल असं काम सापडलं.

२ मार्च

बदल ३ : उघडझाप. मुलीला सांगितलं, मी काम करत असताना मोबाईलवर दहा मिनिटं व्हिडिओ काढ, कधी ते सांगू नको. रात्री दोघींनी बसून मोजलं. माणूस एरवी मिनिटाला पंधराएक वेळा उघडझाप करतो. मी एक्सेलसमोर सहा वेळा. आणि त्यातल्या निम्म्या वेळा वरची पापणी अर्ध्यातूनच परत जाते, खालचीला टेकतच नाही. पापण्या एकमेकींना टेकल्या तरच तेल दाबून बाहेर येतं. म्हणजे शेकून मऊ केलेलं तेल मी दिवसभर आतच ठेवत होते.

मला वाटलं खालच्या पट्ट्यातले ठिपके यामुळेच.

केलं ते असं. मॉनिटरखालचा स्टँड काढून टाकला, नजर खाली असली की डोळ्याची फट लहान राहते. एसीची झडप थेट चेहऱ्यावर होती, ती फिरवून घेतली (ॲडमिनला चार मेल). आणि प्रत्येक क्लेम सेव्ह केला की एकदा पूर्ण मिटायचं, एक क्षण थांबायचं, हलकं दाबायचं, उघडायचं. दिवसाला साठ-सत्तर क्लेम होतात, आपोआप सवय लागते.

१४ मार्च, धुळवड

मी गच्चीत. खाली सगळे खेळताहेत. मागच्या वर्षी गेले होते, कोरडा रंग डोळ्यात गेला आणि आठ दिवस सुट्टी घ्यावी लागली. मुलगी वर येऊन माझ्या पायांना गुलाल लावून गेली.

लिहायलाच पाहिजे म्हणून लिहिते. या आजारात वाईट काय, तर बाहेरून डोळे ठीक दिसतात. थोडे लाल, बस. "झोप झाली नाही का?", "रडलीस का?", "मोबाईल कमी बघ." दुखतंय हे कोणाला पटवायचं कसं? दिवसातल्या जागेपणीच्या प्रत्येक सेकंदाला डोळे उघडे असतात, त्यातून सुटका नाही. डॉक्टर म्हणाल्या होत्या की तपासणीत जेवढं दिसतं आणि पेशंटला जेवढं दुखतं ते बरेचदा जुळत नाही, दोन्ही बाजूंनी. ते वाक्य मी धरून ठेवलंय.

३० मार्च, पाडवा

आकडा ४४. दुपारचं अक्षर फाटणं चार वाजेपर्यंत लांबलं. सकाळचं चिकटणं मात्र तसंच्या तसं. हे का हलत नाही?

ओमेगा-३ च्या कॅप्सूल आठ महिने घेतेय, महिन्याचा बराच खर्च. यावर अमेरिकेत मोठी चाचणी झाली होती, ड्रीम नावाची, २०१८ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल या वैद्यकीय नियतकालिकात आली, ५३५ लोक, रोज ३००० मिलिग्रॅम, वर्षभर, आणि दुसऱ्या गटाला ऑलिव्ह ऑइल. दोन्ही गटांना थोडं बरं वाटलं, दोघांत म्हणण्यासारखा फरक नाही. डॉक्टरांना विचारलं, त्या म्हणाल्या थांबवून बघा. आजपासून बंद. जवसाची चटणी खाते, ती आवडते म्हणून.

१३ एप्रिल

कॅप्सूल बंद केल्याने काहीही बिघडलं नाही.

फॉलोअप. रंगाची टेस्ट तीनवरून चार सेकंद. तेल अजून घट्ट पण आता जास्त ग्रंथींच्या तोंडांतून येतंय. ठिपके तिथेच. सूज आहे म्हणून सायक्लोस्पोरिनचे ०.०५ टक्क्यांचे ड्रॉप्स सुरू केले, दिवसातून दोनदा. सुरुवातीला चुरचुरेल आणि तीन महिन्यांच्या आत निकाल मागू नका, असं स्पष्ट सांगितलं, बरेच लोक तिसऱ्या आठवड्यात कंटाळून सोडतात म्हणे.

शिंकांसाठी मी रोज रात्री सेटिरिझिन घेते हे आज सांगितलं. आधी का नाही सांगितलं? कारण ते "डोळ्याचं औषध" नाही ना. ॲलर्जीच्या अशा गोळ्यांनी अश्रू पण सुकतात. त्यांनी नाकाचा स्प्रे दिला, गोळी बंद. एका वेळी एकच बदल हा नियम इथे मोडला, पण त्या म्हणाल्या ही गोळी आणखी तीन आठवडे घेण्यात अर्थ नाही.

२७ एप्रिल

हे आज सापडलं आणि हात थरथरतोय लिहिताना.

रात्री फाईल चाळत होते. खालच्या पट्ट्यात ठिपके, फेब्रुवारीत तेच, एप्रिलमध्ये तेच. उघडझाप तर आता पूर्ण होतेय, मुलीने परत व्हिडिओ काढला होता, बारा-तेरा वेळा, बहुतेक पूर्ण. मग खालीच का? आणि सगळ्यात वाईट वेळ सकाळची का, रात्रभर तर डोळे मिटलेले असतात?

मिटलेले असतात का?

नवऱ्याला म्हणलं मी झोपले की टॉर्च मारून बघ, थेट नको, बाजूने. त्याने साडेबाराला बघितलं आणि फोटो काढून ठेवला. दोन्ही डोळ्यांत खाली दोनेक मिलिमीटरची फट, पांढरं दिसतंय. डावीकडे जास्त. आणि वर पंखा चारवर, समोर कूलर. चौदा वर्षांचा संसार, त्याने कधी बघितलं नाही, कोण बघतं झोपलेल्या माणसाच्या डोळ्यांत?

२ मे

फोटो डॉक्टरांना दाखवला. त्यांनी लगेच मान डोलावली, काही लोकांच्या पापण्या झोपेत पूर्ण मिटत नाहीत, आणि स्वतःला ते कळायचा मार्गच नसतो. झोपताना डोळ्यात साधं पॅराफिनचं मलम, तांदळाच्या दाण्याएवढं, आणि वरून ओलावा धरणारा गॉगल, कडेने सिलिकॉन असतं तो. मलमाने अर्धा तास धूसर दिसतं म्हणून दिवे बंद केल्यावरच घालायचं.

६ मे

चौथी सकाळ. पापणी चिकटली नाही. मी डोळे उघडले आणि थेट छत दिसलं, पाच मिनिटं न थांबता. परत मिटले, परत उघडले, आठ-दहा वेळा. मग आईंना जाऊन सांगितलं.

१८ मे

ऑफिसातल्या एकीने सांगितलं म्हणून एका ठिकाणी आयपीएल नावाच्या उपचाराची चौकशी करून आले. यात डोळ्याखालच्या त्वचेवर प्रकाशाचे झटके देतात, फुगलेल्या बारीक रक्तवाहिन्या आणि सूज कमी होते, आणि मग ग्रंथी दाबून रिकाम्या करतात. उपचार खोटा नाही, अमेरिकेत २०२१ मध्ये एका यंत्राला खास कोरड्या डोळ्यांसाठी मंजुरी मिळाली. पण तिथल्या माणसाने माझी तपासणी न करताच चार सिटिंगचं पॅकेज पुढे केलं, आजच भरलं तर सूट. मी सावळी आहे. हा प्रकाश त्वचेतल्या रंगात शोषला जातो, गडद त्वचेला भाजण्याचा, डाग पडण्याचा धोका जास्त, त्या मंजुरीतही गडद वर्णाचा समावेश नाही. मी हे विचारलं तर "काही होत नाही मॅडम" एवढंच उत्तर. मला राग आला तो यासाठी, की डोळे दुखत असलेला माणूस त्या क्षणी कशालाही हो म्हणतो, मी स्वतः दोन वर्षांपूर्वी भरून आले असते. माझ्या डॉक्टर म्हणाल्या सायक्लोस्पोरिनचे तीन महिने होऊ द्या, मग बघू.

२९ मे, नवतपा

बाहेर ४४. टेबलावर आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र ठेवलंय. दुपारी बंद खोलीत १७ टक्के, कूलर लावून अर्ध्या तासाने ५१. एसीपेक्षा कूलर बरा, वाळ्याच्या ताट्या ओल्या असल्या की हवाच ओली येते, फक्त झोत अंगावर घ्यायचा नाही. आम्ही कूलर पलंगाच्या पायाकडून काढून दाराकडे तोंड करून ठेवला, हवा भिंतीला लागून खोलीत फिरते. गाडीवर पूर्ण काचेचं हेल्मेट आणि आत बाजूने बंद चष्मा. सिग्नलला थांबलं की लोक बघतात, बघू देत.

सायक्लोस्पोरिनची आग आता पंधरा-वीस सेकंदच.

१५ जून

आकडा २९. रंगाची टेस्ट सहा सेकंद, दोन्हीकडे. खालचे ठिपके उजवीकडे गेले, डावीकडे चार-पाच उरलेत. दाबल्यावर तेल अजून गढूळ पण थेंब येतो, वळी नाही. इन्फ्रारेड फोटो फेब्रुवारीसारखाच, तोही चांगला, म्हणजे आणखी दात पडले नाहीत.

डॉक्टरांनी ही वही मागून घेतली आणि टॉर्चच्या फोटोचं पान परत वाचलं. म्हणाल्या, आता प्रत्येक पेशंटच्या घरच्यांना मी हे करायला सांगणार.

६ जुलै

आकडा २५. पाऊस चालू आहे, हवेत ८० टक्क्यांच्या वर ओलावा, त्यामुळे यातला किती औषधाचा आणि किती पावसाचा हे आत्ता सांगता येणार नाही, खरी परीक्षा ऑक्टोबरनंतर, हवा कोरडी पडली की. म्हणून काही बंद करत नाहीये. शेक आता एकदाच, रात्री. वायल दिवसातून तीन-चार. सायक्लोस्पोरिन आणखी तीन महिने तरी. मलम आणि गॉगल रोज.

काल रात्री मुलीच्या फ्रॉकला हुक लावला. सुईत दोरा पहिल्या झटक्यात गेला, ट्यूबलाईटमध्ये, नऊ वाजता.

जवसाच्या पिशवीला कुबट तेलकट वास यायला लागलाय, पाच महिने झाले. आईंनी दुसरं लुगडं काढून ठेवलंय. उद्या येताना इतवारीतून अर्धा किलो जवस आणायची, पिशव्या दोन शिवायच्यात, एक ऑफिसच्या ड्रॉवरला.